सायकलला इंजिन बसवायचंय? स्वस्त टू स्ट्रोक किट की होंडा जीएक्स35

दोन्ही चालवलीत, एकाच सायकलवर आलटून पालटून, म्हणून लिहितोय. एक म्हणजे ते सगळीकडे मिळणारं बिननावाचं टू स्ट्रोक किट, दुसरं होंडाचं जीएक्स35. किमतीत कैक पटींचा फरक आहे, त्यामुळे पहिला प्रश्न हाच येतो की स्वस्तातलं चालतं का. चालतं की. उलट खरं सांगायचं तर ताकदीत होंडाला मागे टाकतं.

पण आधी स्वस्त किटच्या 80 सीसीच्या दाव्याचं बघू. बॉक्सवर 80 छापलेलं असतं, पण बोअर (सिलिंडरचा व्यास) 47 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर) 40 मिमी, त्या गोल छेदाचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक करून बघा, जेमतेम 69 सीसी भरतात. थाप आहे सरळसरळ, पण सायकलसारख्या हलक्या गाडीला तेवढं भरपूर होतं, चढावर दम लागत नाही.

माझी तक्रार इंजिनाबद्दल नाहीच, त्याच्यासोबत पिशवीत जे येतं त्याबद्दल आहे. नट-बोल्ट मऊ लोखंडाचे, जरा जास्त आवळले की आटे जातात आणि कमी आवळले तर थरथरीने सैल होतात, कारण हे इंजिन थरथरतं म्हणजे भयंकर थरथरतं, हँडल धरून हाताला मुंग्या येतात. प्लग कामचलाऊ, तो बसवायच्या आधीच काढून एनजीकेचा बी6एचएस टाका, स्टार्टिंगमध्ये लगेच फरक कळतो. पेट्रोलचा कॉक झिरपतो. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चक्र, तर स्पोकांच्या दोन्ही बाजूंना रबर लावून 9 बोल्टांनी आवळायचं, म्हणजे सगळी ओढ स्पोकांवर, आणि ते मधोमध बसवायचं म्हणजे डोक्याला ताप, जरा तिरकं गेलं की चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर बसणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो तो घ्या, पैसे वसूल.

आणि चेन टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारी चकती! हा सगळ्यात डेंजर भाग. फ्रेमच्या दांडीला नुसता क्लॅम्पने धरलेला असतो, तो फिरला की सरळ स्पोकांत जातो आणि मागचं चाक जागच्या जागी जाम. माझा फिरला होता, नशीब तेव्हा स्पीड नव्हता. शक्य असेल तर टेन्शनर लावूच नका, चेनच्या कड्या कमी करून ताण जमवा, नाहीतर क्लॅम्पमधून दांडीत आरपार बोल्ट घाला.

टू स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, त्या मिक्सची कटकट वेगळीच. नवीन असताना 16 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल (16:1), म्हणजे लिटरला साधारण 60 मिली, नंतर हळूहळू 25:1 किंवा 32:1 वर यायचं. धूर आणि आवाज येणारच, सकाळी लवकर निघत असाल तर शेजारी तुमच्यावर दात धरतील.

आता होंडा. 35.8 सीसी, फोर स्ट्रोक, वजन साडेतीन किलोच्या आत, दोरी ओढली की चालू. ताकद सव्वा हॉर्सपॉवरच्या आसपासच, त्यामुळे चढावर पेडल मारावं लागतं, त्याला इलाज नाही. पण पेट्रोल नुसतं ओतायचं, थरथर नावापुरती, आवाज सहन होण्यासारखा. ऑइल फक्त 100 मिली मावतं म्हणून वरचेवर बघत जा, पहिलं ऑइल 10 तासांनी बदलायचं. लोक फसतात ते गिअरबॉक्समध्ये, इंजिन पूर्ण ताकद 7000 आरपीएमला (मिनिटाला 7000 फेरे) देतं, ते फेरे चाकाला चालतील इतके कमी करायला रिडक्शन लागतंच, आणि इंजिन भारी घेऊन गिअरबॉक्स हलका घेतला तर पैसे पाण्यात. बेल्टवाला घ्या, कमी कुरकुरतो.

मधला पर्याय 49 सीसीच्या फोर स्ट्रोकचा, हुआशेंगचं 142एफ वगैरे, होंडाच्या जीएक्सएच50 वरून उचललेलं. वजन जास्त आहे आणि दोन पेडलांच्या मधे मावायला अवघड जातं, पण रोजच्या वापरात तग धरतं असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय, मी स्वतः फार चालवलं नाही.

पाना हातात धरायची हौस असेल, रविवार त्यातच गेला तरी चालत असेल तर स्वस्त किट बिनधास्त घ्या, फक्त बोल्ट, प्लग आणि अ‍ॅडॉप्टरचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा. रोज वेळेवर कामाला पोचायचं असेल तर होंडा. आणि इंजिन कुठलंही असो, दोन्ही चाकांना चांगले ब्रेक नसतील तर आधी ते बसवा, मग इंजिनाचं बघा.