‘मी, दुर्गा खोटे’ : एका कमावत्या अभिनेत्रीचे आत्मकथन

दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले. मराठी अभिनेत्रींच्या आत्मकथनांचा विषय निघाला की त्याचे नाव आदराने घेतले जाते. पण ज्या प्रमाणात नाव घेतले जाते त्या प्रमाणात ते आज वाचले जात असेल, असे मला वाटत नाही. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून मी ते घरी आणले तेव्हा पाने पिवळी पडलेली होती, बांधणी पुन्हा केलेली होती आणि एकाच प्रकरणाच्या समासात कुणा वाचकाने पेन्सिलीने उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. ते प्रकरण त्यांच्या पहिल्या चित्रपटाचे होते. त्या अनोळखी वाचकाने जागा अचूक हेरली होती, कारण पुस्तकाचा सारा पीळ तिथेच आहे.

तिथवर पोहोचायला मात्र बालपणाची आणि माहेरची पाने घाई न करता वाचावी लागतात. दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत लाड कुटुंबात झाला. घराणे मूळचे गोव्याकडचे, घरातली बोली कोकणी, वडील पांडुरंग लाड नामांकित सॉलिसिटर. मुलीचे शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात. लग्न झाले तेही खोटे यांच्यासारख्या सधन घरात. या सुबत्तेचे वर्णन काही वाचकांना लांबलेले वाटेल. मला ते आवश्यक वाटले, कारण हे घर, ही माणसे आणि हा मान डोळ्यांसमोर नीट उभा राहिल्याशिवाय पुढे काय ओढवले याची कल्पना येत नाही. सासरची सांपत्तिक स्थिती ढासळली, दोन लहान मुलगे पदरात होते आणि कमावण्यावाचून गत्यंतर उरले नाही. दुर्गाबाई चित्रपटात आल्या त्या कलेच्या ओढीने नव्हे, तर संसार चालवण्यासाठी. आणि ही गोष्ट त्या आडपडदा न ठेवता, पण दयेची याचनाही न करता सांगतात.

पहिला चित्रपट होता मोहन भवनानी यांचा ‘फरेबी जाल’, साल १९३१. बोलपट नुकताच आला होता, म्हणून मूकपटालाच बोलता भाग जोडायचा, अशी ती युक्ती होती. दुर्गाबाईंच्या वाट्याला आले ते एवढेसेच काम. चित्रपट सुमार निघाला. पण त्यापेक्षा मोठा घाव जाहिरातीने घातला. अभिनेत्रीच्या गुणांऐवजी तिच्या माहेरच्या आणि सासरच्या नावांचे भांडवल करण्यात आले, आणि कुलीन घरातली सून पडद्यावर आली या गोष्टीची मुंबईभर चर्चा झाली. त्या काळी चित्रपटात काम करणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे आपण इतिहास म्हणून शंभरदा वाचलेले असते. इथे ते एका घराच्या दिवाणखान्यात, वडिलांच्या चेहऱ्यावर आणि नातेवाइकांच्या बोलण्यात दिसते. वडिलांसाठी वाटलेली लाज आणि मुलांसाठी करावी लागणारी कमाई यांच्या कात्रीत सापडलेली पंचविशीची तरुणी या पानांत मला फार जवळून भेटली. आपल्या भाषेतील आत्मचरित्रांत इतके संयत आणि तरीही इतके बोचरे प्रकरण मी क्वचितच वाचले आहे.

त्यानंतर व्ही. शांताराम यांनी त्यांना प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’साठी विचारले आणि १९३२ साली त्या तारामती झाल्या. नाशिककर वाचकाला इथे थोडे थांबावेसे वाटल्यास नवल नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली हीच कथा ‘राजा हरिश्चंद्र’ या नावाने पडद्यावर आणली तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नव्हती आणि ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. फाळके नाशिकला आले आणि त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, म्हणजे स्त्रीच्या पडद्यावरील पदार्पणाचा मान आपल्याच गावाकडे जातो. तरीही उच्चशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या बाईने हे काम उजळ माथ्याने करावे, याला आणखी जवळजवळ दोन दशके जावी लागली. ही साखळी मनात ठेवून वाचले, तर कोल्हापूरच्या प्रभातमधील दिवसांचा भाग निव्वळ आठवणींचा राहत नाही.

तो भाग कामाच्या तपशिलांमुळेही रंगतो. पार्श्वगायन अजून रूढ झालेले नव्हते. नटाने कॅमेऱ्यासमोर उभे राहून स्वतःच गायचे, आणि समोर हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे यांच्यासारखा जाणकार, ज्यांच्याकडेच चित्रपटाचे संगीतही होते. मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी तयार होत असल्यामुळे तोच प्रसंग, तेच अश्रू दोन भाषांत उभे करायचे. दुर्गाबाईंना हे काम शिकावे लागले आणि ते त्या शिकल्या. अभिनय हा मेहनतीने कमवायचा व्यवसाय आहे, हा त्यांचा भाव पुस्तकभर टिकून राहतो, आणि मला तो प्रतिभेच्या कौतुकापेक्षा कितीतरी अधिक भावला.

पैशाविषयी त्या जशा बोलतात तसे मराठी मध्यमवर्गीय लेखन सहसा बोलत नाही. एकाच कंपनीच्या पगारावर बांधून घेण्याचा तो काळ. दुर्गाबाई मात्र प्रभातबरोबरच कलकत्त्यालाही काम करत राहिल्या. न्यू थिएटर्सचा ‘राजरानी मीरा’, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा ‘सीता’, मग पुन्हा प्रभातकडे ‘अमरज्योती’मधली बंडखोर सौदामिनी, आणि १९३७ साली ‘साथी’च्या निमित्ताने थेट निर्मितीत उडी. आपल्या कामाची किंमत आपण ठरवायची, हे त्यांना संसारानेच शिकवले होते. हंसा वाडकर यांचे १९७० साली आलेले ‘सांगत्ये ऐका’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीशी वाटतील. घर चालवण्यासाठीच दोघी या धंद्यात आल्या. हंसाबाईंचे सांगणे मात्र उघड्या जखमेतून येते, तर दुर्गाबाईंचे शब्द नेसलेल्या पातळासारखे नीटनेटके आहेत. जन्माने मिळालेले पाठबळ एका बाईला किती तारते आणि दुसरीला त्याच्या अभावी काय सोसावे लागते, हे त्या तुलनेतून जितके कळते तितके कुठल्या प्रबंधातून कळणार नाही.

रंगभूमीच्या भागाकडून माझी अपेक्षा मोठी होती, आणि त्याला कारण होते. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’वरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेल्या ‘राजमुकुट’ या नाटकात दुर्गाबाईंनी नायिकेची, म्हणजे लेडी मॅक्बेथच्या वळणाची, भूमिका केली. पडद्यावर सोशिक राणी म्हणून गाजलेल्या बाईने रंगमंचावर राजहत्येला पतीला उद्युक्त करणारी स्त्री उभी करावी, आणि तिची वाक्ये आमच्या तात्यासाहेबांची, म्हणजे शिरवाडकरांची, असावीत, याविषयी नाशिकच्या वाचकाची जिज्ञासा कधी पुरी होणार नाही. मुंबई मराठी साहित्य संघ, तिथली नाटके आणि त्या मंडळींचे वातावरण या सगळ्यांविषयी त्या आत्मीयतेने लिहितात. तरी या एका भूमिकेच्या तयारीवर त्यांनी आणखी लिहायला हवे होते, ही माझी तक्रार कायम आहे.

उत्तरार्धाविषयीही मनात आहे ते सांगायला हवे. दुर्गाबाईंचे चित्रपट दोनशेच्या आसपास भरतात, त्यामुळे त्यांतल्या बहुतेकांना पुस्तकात जागा मिळणे शक्यच नव्हते. पण ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई, बादशहा पती आणि बंडखोर मुलगा यांच्या मधोमध उभी असलेली ती आई, ज्यांच्या मनात ठसली आहे, त्यांना ती कशी घडली हे विस्ताराने वाचायचे असते. ‘बॉबी’, ‘अभिमान’, ‘बिदाई’ या सत्तरीच्या दशकातल्या चित्रपटांनी तर त्यांना घरोघरची आजी करून टाकले. आत्मचरित्राचे वजन मात्र पूर्वार्धातच राहिले आहे. जिथे जगण्याचा प्रश्न होता तिथे लेखणी धारदार आहे. यश स्थिरावल्यावर ती काहीशी सैल पडते. अपवाद आहे तो मुलगा हरिन याच्या अकाली मृत्यूचा. त्या दुःखाबद्दल त्यांनी मोजकेच लिहिले आहे, आणि ते मोजकेपणच वाचकाला हलवून सोडते.

भाषा घरगुती, स्वच्छ आणि बोलण्याच्या लयीतली आहे. इंग्रजी शाळेत शिकलेल्या, घरी कोकणी बोलणाऱ्या बाईची ही मराठी कुठेही परकी वाटत नाही. मराठी वाचू न शकणाऱ्या नातवंडांसाठी शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवादही आहे. पण ज्यांना मूळ वाचता येते त्यांनी मूळच वाचावे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. हे पुस्तक आले तेव्हा १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळायचा होता आणि त्यांच्या निर्मितिसंस्थेची ‘वागळे की दुनिया’ ही दूरदर्शन मालिका यायची होती. १९९१ साली त्यांचे निधन झाले. तेव्हा शेवटच्या दहाएक वर्षांची माहिती वाचकाला अन्यत्र शोधावी लागते.

चित्रपटाच्या इतिहासात रस असलेल्यांनी हे पुस्तक ‘अयोध्येचा राजा’च्या जोडीने वाचावे. आज पाहायला मिळणारा तो सर्वांत जुना मराठी बोलपट आहे, आणि कोल्हापूरची प्रकरणे संपवून तो पाहिला की तारामतीच्या प्रत्येक ओळीमागची मेहनत ऐकू येते. ज्यांना सुरुवातीचा घराण्याचा इतिहास जड वाटेल, त्यांनी खुशाल ‘फरेबी जाल’च्या प्रकरणापासून वाचायला घ्यावे, आणि मग मागे वळून लाडांच्या घरात जावे.