मुलांच्या कुस्तीत जोड्या कशा लावाव्यात: चिठ्ठी की मानांकन?

चिठ्ठ्या टाकल्या की कुणाला बोलायला जागा राहत नाही, हा सोडतीचा सगळ्यात मोठा गुण. ना जुने निकाल लागतात, ना कुणाच्या वस्तादाची ओळख. पण गणित बघा. एका वजनगटात 16 मल्ल असतील, तर सगळ्यात तगडे दोघे सोडतीच्या एकाच अर्ध्या भागात येण्याची शक्यता 15 पैकी 7 असते. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा खरी अंतिम लढत आधीच होऊन जाते, आणि दुसऱ्या भागातला कुणी आयता रुपेरी पदक घेऊन जातो. रेपेचेज, म्हणजे अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्यांना दुसरी संधी, असेल तर हरलेल्याला कांस्यपदकाची वाट उरते, रौप्याची नाही.

मानांकनात, म्हणजे आधीच्या कामगिरीवरून मल्लांना क्रमांक देण्यात, पहिला आणि दुसरा वेगवेगळ्या भागांत बसतात. आठ जणांत 1 विरुद्ध 8, 4 विरुद्ध 5 अशी मांडणी. कागदावर छान. मुलांच्या बाबतीत मात्र तो कागदच कच्चा असतो. वर्षभरात पोरगं दोन वजनगट वर सरकतं, मग मागच्या वर्षीच्या पदकाला किती किंमत द्यायची? शिवाय ज्याला प्रवास परवडतो तोच जास्त स्पर्धा खेळतो, त्याचेच गुण साठतात. नवखा चांगला पोरगा पहिल्याच फेरीत अव्वल मल्लापुढे!

माझं मत विचाराल तर पहिल्या चौघांनाच मानांकन द्यावं, तेही आपापसातल्या लढती आणि त्याच मोसमाचे निकाल पाहून. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढाव्यात. अगदी लहान गटात, पाच जण असतील तर, हा खटाटोपच नको; प्रत्येकाची प्रत्येकाशी कुस्ती लावावी.