बुलढाण्याच्या ताराबाई, ६० रुपयांत

सिंदखेडराजाला १२ जानेवारीच्या जिजाऊ जन्मोत्सवात पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, त्यांतील एकावरून 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांची ही चरित्रपुस्तिका मी ६० रुपयांना घेतली. "आपल्या बुलढान्याची बाई होती, ताई, न्या घेऊन," एवढेच विक्रेता म्हणाला, आणि पुस्तिकेचे बळही नेमके तेच आहे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यात डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. वऱ्हाडातल्या मराठा घराच्या रीतिभातींत वाढलेल्या मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी कसे शिकता आले, हे लेखकाने सावकाश उलगडले आहे. त्याहून सरस भाग सुरतेच्या खटल्याचा. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (अपिलात ती सौम्य झाली), 'पुणे वैभव' या वृत्तपत्राने त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीलाच दोष दिला, आणि त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून 'स्त्रीपुरुष तुलना' बाहेर पडली. बचतगटाच्या बैठकीत ही पाने मी मोठ्याने वाचली, तेव्हा तुरीच्या शेंगा सोलता सोलता एका आजीने विचारले, "अन् त्या मानसाले काय शिक्षा झाली?" ताराबाईंचाही रोख तिथेच होता.

यानंतर मात्र पुस्तिका ढिली पडते. घरगुती बोलीत टोमणे मारणारी, पुरुषांची एकेक खोड काढून दाखवणारी ही लेखिका इथे 'तेजस्विनी' आणि 'क्रांतिज्योत' अशा विशेषणांखाली दबून जाते. तिचे स्वतःचे शब्द जेमतेम चार ओळी आले आहेत. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात तिची घेतलेली बाजू आणि १९७५ मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी ग्रंथ पुन्हा उजेडात आणणे, हे सारे एकाच पानात उरकले आहे.

टाइप मोठा आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही वाचता येते. पिना मात्र इतक्या सैल की मधली पाने पहिल्याच वाचनात सुटली. ती मी दाभणाने शिवून घेतली. ६० रुपये जास्त नाहीत, पण घेणाऱ्याने मूळ 'स्त्रीपुरुष तुलना' सोबत मागून घ्यावी. त्याच स्टॉलवर ती मागच्या रांगेत, दिनदर्शिकांच्या गठ्ठ्याखाली होती.