दारातला कुत्रा: आपल्या नावावर परवाना काढावा की गल्लीचाच राहू द्यावा?

सोसायटीच्या गेटशी एक कुत्रा दोन-तीन वर्षं राहतोय. तुम्ही त्याला रोज पोळी घालता, नाव ठेवलंय, हाक मारली की धावत येतो. मग एका मीटिंगमध्ये कोणीतरी सगळ्यांसमोर विचारतं, "हा कुत्रा तुमचा का?" तेव्हा आपण गडबडतो. "हो" म्हणावं तर उद्या सगळ्या तक्रारी आपल्या दारात, "नाही" म्हणावं तर त्याच्या बाजूनं बोलायचा हक्क गेल्यासारखा वाटतो.

माझ्याकडे दोन्हींचा अनुभव आहे. चिंगी माझ्या नावावर आहे, महापालिकेच्या परवान्यासह. काळ्या शेवटपर्यंत गल्लीचा राहिला. दोन्ही निर्णय मी विचार करून घेतले आणि आज परत घ्यायची वेळ आली तरी तेच घेईन. पण आधी हे नक्की माहीत हवं की कुठल्या कुत्र्यावर पालिकेचा कोणता अधिकार चालतो. सोसायट्यांमधली निम्मी भांडणं या गोंधळातून होतात.

'प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३' मध्ये कुत्र्यांचे दोनच वर्ग आहेत: पाळीव आणि रस्त्यावरचे. पाळीव असेल तर लसीकरण, जंतांचं औषध, नसबंदी हे सगळं मालकानं करायचं. रस्त्यावरचा असेल तर ते काम स्थानिक संस्थेचं, म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, जी असेल तिचं. अर्धा आपला आणि अर्धा गल्लीचा असा तिसरा वर्ग नाही. आपल्याकडचे बहुतेक कुत्रे मात्र नेमके तसेच जगतात.

परवाना काढला तर

कुत्र्यावर कर लावायचा अधिकार पालिकांना फार पूर्वीपासून आहे. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. पुणे, ठाणे, नाशिक अशा बाकीच्या महापालिकांना १९४९ चा कायदा लागतो आणि त्याच्या कलम १२७ मध्ये महापालिका जे कर बसवू शकते त्यात कुत्र्यांवरच्या कराचा थेट उल्लेख आहे. परवान्याला साधारण तीन गोष्टी लागतात: रेबीजच्या लसीचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचा फोटो. फी ज्या त्या पालिकेची वेगळी, पण लसीच्या आणि खाण्याच्या खर्चापुढे ती किरकोळच. मुदत संपली की नूतनीकरण करायचं. या तारखा कोणी आठवण करून देत नाही, कॅलेंडरवर स्वतःच लिहून ठेवा.

परवान्यानं खरा फरक पडतो तो जबाबदारीत. कुत्रा कोणाला चावला तर जाब विचारायला आता एक माणूस आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला आणि माणसाला इजा होण्यासारखी परिस्थिती आली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून बाहेर काढताना हातात पट्टा हवाच. माझी चिंगी गरीब आहे, काही करत नाही, असं मीही म्हणायचो. एकदा दार उघडं राहिलं आणि ती कुरिअरवाल्या मुलाच्या पोटरीला चावली. त्या मुलानं पायाकडे बघायच्याही आधी विचारलं, "काका, इंजेक्शन दिलंय का हिला?" मी लसीचं पुस्तक आणून तारीख दाखवली तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरायचा थांबला. पंधरा मिनिटं साबण लावून नळाखाली जखम धुतली आणि त्याला सरकारी रुग्णालयात नेलं. कुत्र्याला लस दिलेली असली तरी माणसाचे डोस चुकवायचे नसतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ०, ३, ७, २८ असे सगळे डोस पुरे होईपर्यंत मी त्याच्याबरोबर जात राहिलो. ती माझीच जबाबदारी होती.

आता बांधून ठेवण्याबद्दल, कारण इथे फार लोक चुकतात. "दत्तक घेतला" म्हणत पार्किंगच्या खांबाला दोन हाताच्या साखळीनं बांधायचा आणि सकाळ-संध्याकाळ पुढ्यात ताट सरकवायचं, हे मी किमान चार ठिकाणी पाहिलंय. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ आखूड किंवा जड साखळीनं फार वेळ बांधून ठेवणं गुन्हा मानतं. सतत बांधलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही, तर तोही गुन्हा. म्हणजे रस्त्यावर मोकळा सोडला तरी तुम्ही चुकता आणि दिवसभर बांधला तरी चुकता. रोज दोनदा त्याच्याबरोबर चालायला वेळ नसेल तर परवाना काढू नका. बांधलेला कुत्रा चिडका होतो, भुंकतो, आणि शेवटी पहिला चावा घरातल्याच कोणाला तरी बसतो.

गल्लीचाच राहू दिला तर

इथे पालिकेला पकडायचा अधिकार आहे, पण पकडून काय करायचं ते ठरलेलं आहे: नसबंदी, रेबीजची लस आणि जिथून उचलला तिथेच परत सोडणं. मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "गाडी बोलवा आणि घाटात सोडून या." तसं करता येत नाही, आणि करून उपयोगही होत नाही. ओळखीचा, नसबंदी झालेला कुत्रा गेला की मोकळ्या जागेत आठ-पंधरा दिवसांत अनोळखी कुत्रे येतात.

काळ्याला गाडीनं नेलं तेव्हा मी खाली उभा होतो. जाळी अंगावर पडल्यावर त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मग ओरडायचंच सोडून दिलं. रात्रभर मला झोप नव्हती. सहाव्या दिवशी तो परत आला. कानाला खाच, पोटावरचे केस भादरलेले, आणि येऊन थेट वॉचमनच्या खुर्चीखाली जाऊन पडला. ती खाच फार कामाची असते. नसबंदी झाल्याचं लांबून कळतं. पण लस कधी दिली ते खाचेवरून कळत नाही, आणि दरवर्षी ती परत द्यायला पालिका वेळेवर येईलच असं धरून चालू नका. आम्ही वर्गणी काढून काळ्याला लस द्यायचो आणि तारखा वॉचमनच्या वहीत लिहायचो.

"पूर्वी पालिका मारायची, आता का नाही?" हाही प्रश्न येतो. जुन्या कायद्यांत पट्टा नसलेले मोकाट कुत्रे नष्ट करायचा अधिकार लिहिलेला आहे, हे खरं आहे. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं पालिकांच्या त्या अधिकाराच्या बाजूनं कौल दिला होता. २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. पुढे २०२३ चे नियम आले आणि मे २०२४ मध्ये ते जुनं प्रकरण निकाली निघालं. आज निरोगी कुत्रा मारायचा रस्ता पालिकेकडे नाही आणि सोसायटीकडे तर कधीच नव्हता. विष घालणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवा.

गल्लीचा कुत्रा चावल्याची किंवा पिसाळल्याची तक्रार आली तर पालिकेनं त्याला नेऊन वेगळं ठेवायचं असतं. रेबीज असेल तर तो साधारण १० दिवसांत मरतो. नसेल तर तेवढे दिवस निरीक्षण करून सोडतात. इथे तुम्ही मालक नसता, पण तुम्हीच त्याला खायला घालत असाल तर शेजारी तुमच्याकडेच बोट दाखवणार, हे गृहीत धरा. म्हणून खायला घालायची जागा ठरवून घ्या. २०२३ चे नियम सांगतात की ही जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर हवी, आणि ती ठरवायचं काम रहिवाशांच्या संघटनेचं आहे.

२०२५ नं बदललेलं गणित

२२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात तीन गोष्टी होत्या. नसबंदी आणि लस झालेला कुत्रा मूळ जागी सोडायचा, मात्र रेबीजचा किंवा आक्रमक असेल तर नाही. खायला घालायचं ते पालिकेनं ठरवलेल्या जागीच, वाटेल तिथे रस्त्यावर नाही. आणि तिसरी गोष्ट या लेखाच्या दृष्टीनं मोठी: प्राणिप्रेमी माणूस पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेऊ शकतो, पण एकदा घेतला की तो परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. परवाना काढून दिवसभर गेटवर सोडायचा, हा मधला मार्ग यामुळे बंद झाला.

७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आणखी कडक आहे. शाळा-कॉलेज, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्टेशनं इथले कुत्रे उचलून निवारागृहात न्यायचे आणि परत तिथे सोडायचे नाहीत. तुमचा जिवलग कुत्रा एस.टी. स्टँडवर किंवा शाळेच्या आवारात राहत असेल तर "राहू द्या तिथेच" हा पर्याय जवळपास संपला आहे. त्याच्यासाठी घर शोधा, तुमचं किंवा दुसऱ्या कोणाचं, आणि गाडी यायच्या आधी शोधा.

मग कोणी काय करावं?

पिल्लू असेल, किंवा वर्ष-दीड वर्षाचं जनावर तुमच्या मागे जिन्यानं वर येत असेल, तर घ्या आणि त्याच आठवड्यात परवान्याला लागा. चिंगी अशीच आली, चार महिन्यांची.

सात-आठ वर्षांचा, मोकळ्यावर वाढलेला कुत्रा शांत सोसायटीत राहत असेल तर त्याला फ्लॅटमध्ये कोंडू नका. काळ्याला मी एका पावसाळ्यात तीन रात्री घरात ठेवून पाहिलं. तिन्ही रात्री तो दाराच्या फटीला नाक लावून बसला होता. चौथ्या रात्री दार उघडलं, तो पावसात खाली गेला आणि वॉचमनच्या खुर्चीखाली झोपला.

घर भाड्याचं असेल आणि दर ११ महिन्यांनी बदलत असेल तर मी थांबा म्हणेन. दुसऱ्या शहरात गेलात तर तिथल्या पालिकेचा परवाना नव्यानं काढावा लागतो, आणि नवा घरमालक कुत्र्याला हो म्हणेपर्यंत तो कुठे राहणार हा प्रश्न उरतोच. गावाकडे परवान्याचं कोणी फारसं विचारत नाही, कुत्रा दिवसभर मोकळाच असतो. तिथे लसीचं तेवढं सोडू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव नोंदवून ठेवा.

घ्यायचा ठरला तर आधी कान बघा. खाच असेल तर नसबंदी झालेली आहे, परत पोट उघडायला लावू नका. लसीची तारीख माहीत नसेल तर ती नव्यानं द्या आणि तोच दाखला अर्जाला लावा. आणि परवान्याचा बिल्ला मिळाला की तो पट्ट्याला चांभाराकडून शिवून घ्या. नुसता कडीत अडकवलेला पडतो. चिंगीचा पहिल्याच पावसाळ्यात पडला होता.