गच्चीचा कोबा, अनोळखी ठेकेदार आणि कोपऱ्यातलं परातभर पाणी: आठ महिन्यांनंतर

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे स्लॅब गळणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. विटांचा कोबा (पाणी मुरू नये म्हणून गच्चीवर घातलेला विटा-सिमेंटचा थर), केमिकल की वर सरळ पत्रे, या वादात मी शिरत नाही. आम्ही एप्रिलमध्ये जुना कोबा फोडून नवा केला, ६२० चौरस फूट. लिहायचंय ते ज्यांनी केला त्यांच्याबद्दल. वीस वर्षं आमचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी गुडघ्यांमुळे काम सोडलं आणि पहिल्यांदाच पूर्ण परक्या माणसाच्या हाती घर द्यावं लागलं.

तिघांकडून भाव घेतले. पहिल्याने गच्ची न बघताच फोनवर भाव सांगितला आणि वर दहा वर्षांची गॅरंटी. दुसऱ्याचा भाव सगळ्यात कमी होता, पण त्यात राबिट, म्हणजे फोडलेल्या कोब्याचा मलबा, उचलून नेण्याचे पैसे धरलेलेच नव्हते. तिसरे आधी वर गेलेच नाहीत. आतल्या खोलीत उभं राहून त्यांनी विचारलं, "काकू, ओल बारा महिने असते की फक्त पावसात?" बारा महिने असेल तर आधी टाकीचा पाईप बघायचा, गच्चीला हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मग वर जाऊन हातोडीने ठोकत कुठे पोकळ वाजतं ते ऐकलं. गॅरंटी तीनच वर्षांची, पण लेखी. भाव १३० रुपये फूट. म्हणजे ८०,६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १४,५०८. हे चौदा हजार मला फार लागले. बिलाशिवाय होईल का, असं यांनी विचारलंही. ते नाही म्हणाले. तेव्हा राग आला होता.

अट एकच घातली: दहा हजार गणपतीपर्यंत आमच्याकडे राहतील. त्यांनी ती मान्य केली आणि एस्टिमेटवर स्वतःच्या हाताने लिहून दिली.

कामाबद्दल थोडक्यात सांगते. विटा आधी भिजवल्या, कठडा आणि कोबा मिळतात तिथला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, नीट काढला, पाणी मारायला माणूस रोज सकाळ-संध्याकाळ आला. नंतर पाळ घालून बहात्तर तास पाणी साठवायचं म्हणाले. दोन इंच पाणी म्हणजे जवळजवळ तीन हजार लिटर, आणि एप्रिलात आमच्या विहिरीला तळ दिसत होता! टँकर मागवावा लागला. त्या तीन दिवसांत त्यांनी खालच्या छताच्या प्रत्येक जुन्या डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढून तारीख घातली. ते तेव्हा मला उगाच वाटलं.

जुलैत लिहायला बसले असते तर हा अनुभव एका ओळीत संपला असता: यांना काम देऊ नका. आठवडाभर झोडपल्यावर मागच्या खोलीत छत ओलं झालं. मी चार दिवस फोन करत होते, ते उचलत नव्हते. शेजारी, बहिणीकडे, वाण्याच्या दुकानात, सगळीकडे मी त्यांच्याविषयी वाईट बोलले. पाचव्या दिवशी ते भर पावसात आले. चिपळूणच्या पुढे साईटवर होतो, रेंज नव्हती, म्हणाले. चार दिवस एक निरोप नाही, हे मी आजही माफ केलेलं नाही.

पण त्यांनी टॉर्च मारला तो त्या पेन्सिलच्या रेघांवर. जुना एकही डाग रेघेबाहेर सरकला नव्हता. नवी ओल वेगळ्याच जागी होती, आणि तिच्या बरोबर वर मे महिन्यात बसवलेल्या सोलर हीटरचा स्टँड. स्टँड सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवा, कोब्याला भोक पाडू नका, हे त्यांनी मला बजावलं होतं. सोलरवाल्याने ड्रिल मारून चार बोल्ट ठोकले, आणि मी तिथे उभी असूनही काही बोलले नाही. त्यांनी उघडीप बघून भोकं भरली, ठोकळे बांधले आणि फक्त मालाचे ६०० रुपये घेतले. ज्या-ज्या ठिकाणी मी बोलले होते, त्या सगळ्यांना मी खरं काय ते सांगून आले.

आता माझं मुख्य दुखणं. ईशान्येच्या कोपऱ्यात पाणी साचतं. पावसाळी पाईपचं तोंड कोब्यापेक्षा बोटभर वर बसलंय, म्हणून तिथे परातभर पाणी राहतं. घरचे म्हणतात, एवढ्याने काय होतं? पंचाण्णव हजार मोजलेत मी. ढाळ काढणं हेच तर या कामाचं मूळ आहे, आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. पावसाळाभर रोज झाडूने मी ते पाणी काढलं. गणपतीत ते पैसे न्यायला आले, तेव्हा मी सात हजार दिले आणि तीन ठेवले. चेहरा पडला त्यांचा. "एवढ्यासाठी काकू?" म्हणाले. हो, एवढ्यासाठीच. लेखी होतं म्हणून मला ते ठामपणे म्हणता आलं.

नोव्हेंबरात त्यांनी तीन बाय तीन फुटाचा तुकडा फोडून तोंड खाली घेतलं. तुकड्याचा रंग बाकी गच्चीशी जुळत नाही, दुरूनही दिसतो. त्यावर मी काही बोलले नाही. तीन हजार त्याच दिवशी दिले.

काल परत दोन बादल्या ओतून पाहिल्या. दहा मिनिटांनी कोपऱ्यात ओल होती, पाणी नव्हतं. पेन्सिलच्या रेघा छतावर तशाच आहेत. मेमध्ये रंग काढणार होतो, पण ती खोली मी पुढचा पाऊस होईपर्यंत रंगवू देणार नाही.