निबंध तपासायला काय घ्यावं: गूगल क्लासरूम, मूडल की चॅटबॉट?

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या 80 गुणांच्या लेखी परीक्षेत 24 गुण उपयोजित लेखनाचे, आणि ते सगळं हातानं लिहायचं. त्यामुळे कोल्हापुरातल्या मराठी शाळेनं सॉफ्टवेअर घ्यायचं ते टायपिंग शिकवायला नव्हे. कच्चा मसुदा पक्का कसा होत जातो, हे शिक्षकाला दिसलं पाहिजे. त्याच कसोटीवर तिन्ही तपासू.

साठ मुलांचा वर्ग, एकच शिक्षक आणि मुलांकडे घरातला फोन असेल तर गूगल क्लासरूम, म्हणजे गृहपाठ देण्या-घेण्याचं गूगलचं ॲपच घ्या. गृहपाठाला डॉक (गूगलची लेखनाची फाइल) जोडताना ‘प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत’ हा पर्याय निवडायचा. चुकून सगळ्यांना एकाच फाइलमध्ये बदल करू दिलात, तर पाच मिनिटांत तिची भेळ होते. खरा फायदा आवृत्ती-इतिहासाचा. रंकाळ्यावरच्या निबंधाचा दुसरा परिच्छेद तीनदा खोडला आणि चौथ्यांदा जमला, हे तिथं तारीखवार दिसतं. अख्खा परिच्छेद एका झटक्यात उगवला असेल तर मुलाला विचारा, पण लगेच चोरी म्हणू नका. फोनच्या नोट्समध्ये लिहून चिकटवला तरी तसंच दिसतं. नेहमीचे शेरे टिप्पण्यांच्या संग्रहात साठवले की # टाकून एखादा शब्द लिहिल्यावर ते समोर येतात. वहीच्या पानाचा फोटो जमा झाला तर मोबाइल ॲपमध्ये त्यावर खुणा करता येतात, फक्त इतिहास मिळत नाही.

मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट नसतो. शाळेपेक्षा लॅब असलेल्या महाविद्यालयाला ते परवडतं. घ्यायचंच तर त्यातल्या ‘वर्कशॉप’साठी घ्या. यात मुलं ठरलेल्या निकषांवर एकमेकांचं लेखन तपासतात. आपण बदललं नाही तर लेखनाला 80 आणि तपासणीला 20 गुण असतात. सरासरीला सगळ्यांत जवळची तपासणी आदर्श धरून बाकीच्यांचे 20 पैकी गुण ठरतात. म्हणून एका लेखाला दोनच परीक्षक नेमले तर दोघंही सरासरीपासून सारख्याच अंतरावर राहतात आणि मन लावून कोणी तपासलं ते कळत नाही. चार नेमा, एखादा दांडी मारतोच. वाटप झाल्यावर उशिरा आलेला लेख आपोआप कुणाकडे जात नाही, तो हातानं वाटावा लागतो.

चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटकडून गुण घेऊ नका. तोच निबंध दोनदा दिला तर गुण बदलू शकतात. यंत्राकडून निबंध तपासून घेण्याचा प्रयत्न 1966 पासूनचा, अमेरिकी संशोधक एलिस पेज यांचा. पुढं अशा यंत्रांना लांबलचक, भारदस्त पण निरर्थक इंग्रजी देऊन चांगले गुण मिळवून दाखवले गेले. मराठीत आणखी एक भानगड आहे. संवादलेखनात मुलानं ‘काय करालाईस?’ लिहिलं की चॅटबॉट गुपचूप ‘काय करत आहेस?’ करून टाकतो, आणि कोल्हापूरची आजी एकदम सदाशिव पेठेत राहायला जाते. त्याला सूचनाच अशी द्या: ‘गुण देऊ नको, एकही वाक्य बदलू नको, वाचकाला पडतील असे तीन प्रश्न विचार.’ मुलाचं नाव आणि शाळा आधी काढून टाका. ‘हे यंत्रानं लिहिलं का’ हे सांगणाऱ्या साधनांवर विसंबून कुणाला शिक्षा नको. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागं घेतलं.

शुद्धलेखन-तपासनीस कुठलाही असो, ‘घरासमोरच्यांनासुद्धा’सारख्या बरोबर शब्दाखालीही लाल रेघ येऊ शकते, कारण मराठीत प्रत्ययावर प्रत्यय चढतात. उलट ‘लग्नात आचार्यांना पैसे दिले’ हे बिनबोभाट सुटतं. हवा होता ‘आचाऱ्यांना’, पण दोन्ही शब्द कोशातले. लॅबमधल्या संगणकावर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीचा प्रमाण) कीबोर्ड असेल तर हा ऱ्य शिफ्ट-जे, डी आणि तिरप्या रेघेची कळ अशा क्रमानं उमटतो. कळफलकाशेजारी चिठ्ठी चिकटवून ठेवा.