एस्टोनियाचं ई-रेसिडेन्सी कार्ड: टिळकवाडीला चालेल, उद्यमबागेला नको

एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४७ लाखांवर होती. एस्टोनिया या आख्ख्या देशाची १३-१४ लाख. घरचा बाजारच एवढासा, त्यामुळे जमीन-पाणी-विजेच्या सवलती दाखवून कारखाने ओढण्याच्या शर्यतीत तो फारसा पडला नाही. त्यानं परदेशी धंद्यासाठी वेगळाच माल बाजारात आणला: ई-रेसिडेन्सी, म्हणजे सरकारी डिजिटल ओळखीचं कार्ड. ते घ्या, युरोपियन युनियनमध्ये कंपनी काढा आणि आपल्या गावात बसून चालवा. ही योजना १ डिसेंबर २०१४ला सुरू झाली. आजवर एक लाखाहून जास्त परदेशी लोकांनी कार्ड घेतलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हे कार्ड म्हणजे व्हिसा नाही, वास्तव्याचा परवाना नाही आणि नागरिकत्वाची पहिली पायरी तर नाहीच. ‘युरोपची रेसिडेन्सी’ म्हणून कुणी एजंट विकत असेल तर तिथूनच उठून या.

अर्ज ऑनलाइन आहे आणि खरंच सोपा आहे. पासपोर्टची स्कॅन प्रत, फोटो, धंद्याची माहिती आणि कार्ड कशासाठी हवं याचा खुलासा एवढंच लागतं. सरकारी फी १५० युरो. अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. तो खुलासा लोक दोन ओळींत उरकतात आणि तिथेच अडकतात. ‘टू एक्स्प्लोर युरोपियन मार्केट’ असं मोघम लिहिण्यापेक्षा काय विकणार, कुणाला आणि बिल कोण फाडणार हे लिहा. तपासणी तिथलं पोलीस आणि सीमारक्षक मंडळ करतं. त्याला साधारण महिना धरा.

सीमाभागातल्या माणसाला नाव-पत्त्याचा घोळ जास्त भोवतो. कर्नाटक सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ला बेळगावचं अधिकृत नाव बदललं, म्हणजे ही योजना सुरू होण्याच्या बरोबर महिनाभर आधी. त्यामुळे जुन्या पासपोर्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि बँक स्टेटमेंटवर तिसरंच. कन्नड कागदावरून इंग्रजीत गेलेलं आडनावही कधी कधी वेगळं पडतं. कार्डाच्या अर्जात पासपोर्ट हाच आधार असतो, तिथं निभावतं. पुढे खातं उघडताना मात्र पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट जुळत नाही म्हणून फाइल परत येते. पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ते आधी उरकून घ्या.

कार्ड कुरिअरनं घरी येत नाही, दुसऱ्याच्या हाती देतही नाहीत. स्वतः जायचं आणि बोटांचे ठसे द्यायचे. नवी दिल्लीच्या दूतावासातून घ्यायचं म्हटलं तर बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान किंवा रेल्वेची गोवा एक्स्प्रेस. त्यामुळे १५० युरोचं कार्ड प्रत्यक्षात कितीला पडतं याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. ज्यांचा हात रोज ग्राइंडिंग-मोल्डिंगमध्ये असतो त्यांचे ठसे आधारच्या मशीनवरही उठत नाहीत; त्यांनी आठवडाभर हाताला तेल-क्रीम लावून मगच जावं. कार्ड तयार झालं की सहा महिन्यांत उचलावं लागतं.

संचात कार्ड, यूएसबी रीडर आणि कोडचं बंद पाकीट असतं. पाकिटात तीन आकडे: चार अंकी पिन १ लॉगिनसाठी, पाच अंकी पिन २ सहीसाठी आणि आठ अंकी पीयूके. पिन २नं केलेली सही युरोपात हाताच्या सहीइतकीच कायदेशीर. म्हणून कार्ड आणि पाकीट एकत्र ठेवून ते ऑफिसातल्या मुलाकडे देणं म्हणजे कोऱ्या चेकबुकावर सह्या करून देणं. पिन तीनदा चुकला की लॉक होतो. डिजिडॉक नावाच्या मोफत प्रोग्राममधून पीयूके टाकून तो उघडता येतो, पण पीयूकेच हरवला तर पुन्हा खेटे. रीडर लागत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा कार्डाची नसतेच. ब्राउझरचं वेब-ईआयडी एक्स्टेन्शन टाकलेलं नसतं किंवा कार्ड उलटं घातलेलं असतं. यंत्रणेवर भरवसा ठेवायला हरकत नाही. २०१७ साली चिपमध्ये दोष सापडला तेव्हा सरकारनं ७ लाख ६० हजार कार्डांची प्रमाणपत्रं थांबवली आणि दुरुस्ती करून घ्यायला लावली. झाकपाक केली नाही.

कंपनीचा प्रकार ओसाउहिंग, म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखा. नोंदणी फी २६५ युरो. पूर्वी २,५०० युरो भांडवल लागायचं. १ फेब्रुवारी २०२३ पासून ती अट गेली, एक सेंटवरही कंपनी निघते. पण एक सेंटची कंपनी बघून समोरचा जर्मन खरेदीदार उधारी देईल असं समजू नका. दोघे भाऊ संचालक असतील तर दोघांकडेही कार्ड हवं, नाहीतर ऑनलाइन नोंदणी अडते आणि नोटरीकडे जावं लागतं. संचालक मंडळ परदेशात असेल तर एस्टोनियातला पत्ता आणि परवानाधारक संपर्क व्यक्ती सक्तीची. वर्षाला साधारण २०० ते ४०० युरो. त्यावर हिशेबनीस, महिन्याला ५०-१०० युरोंपासून पुढे. वार्षिक अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे बहुतेकांना ३० जूनपर्यंत. वर्षभरात एकही बिल फाडलेलं नसलं तरी तो द्यावाच लागतो. नाही दिला तर दंड, आणि शेवटी कंपनीचं नाव रजिस्टरमधून बाद.

आता बँक. या सगळ्या सेवेचा हा सर्वात कच्चा दुवा. डान्स्के बँकेच्या एस्टोनिया शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरो फिरले आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद होता, हे २०१८ला बाहेर आलं. तेव्हापासून तिथल्या बँका ताकसुद्धा फुंकून पितात. एस्टोनियात ग्राहक नाही, कर्मचारी नाही, गोदाम नाही, मग खातं इथं कशाला, असा सरळ प्रश्न येतो. कार्ड सरकार देतं. खातं द्यायचं की नाही हे बँक ठरवते. बहुतेकांना शेवटी एखाद्या फिनटेक (ऑनलाइन पैशांची सेवा देणाऱ्या) संस्थेकडे वळावं लागतं, म्हणून तिचे नियम कंपनी काढण्याआधी वाचा, नंतर नव्हे.

‘शून्य टक्के कर’ ही जाहिरात खरी आहे, पण अर्धी. नफा कंपनीतच राहिला तर कर नाही. काढला की २०२५ पासून २२/७८ या प्रमाणात कर: हातात ७,८०० युरो लाभांश हवा तर वर २,२०० कर. हा कर कंपनीवरचा आहे, भागधारकाकडून कापलेला नाही, त्यामुळे भारतातल्या करातून त्याचं क्रेडिट (वजावट) मागताना अडचण येते. आणि तोच लाभांश इथे तुमच्या उत्पन्नात धरला जातो. लाभांशाऐवजी संचालक म्हणून मानधन घेतलं तर तिथला आयकर आणि ३३ टक्के सामाजिक कर मागे लागतो. शिवाय सगळं काम आणि सगळे निर्णय बेळगावच्या टिळकवाडीतल्या ऑफिसात होत असतील तर भारताचं आयकर खातं गप्प बसणार नाही. ५० कोटींपर्यंत उलाढालीच्या परदेशी कंपनीला ‘प्रत्यक्ष व्यवस्थापनाचं ठिकाण’ (जिथून चालते तिथलीच कंपनी धरायची) हा नियम लागत नाही हे खरं, पण भारतातल्या कायम आस्थापनेचा, म्हणजे इथल्या कायमच्या कामाच्या ठिकाणाचा, नियम वेगळा, आणि तो लागू शकतो.

आपल्या बाजूचे कागद एस्टोनियाचा कुणीच एजंट सांगत नाही. परदेशी कंपनीचे शेअर घेणं म्हणजे फेमाखालची (परकीय चलनाच्या कायद्याखालची) परदेशी गुंतवणूक. ऑगस्ट २०२२च्या नियमांप्रमाणे पैसे पाठवण्याआधी बँकेकडे फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) घ्यायचा. शाखेत परकीय चलनाचं काम होत नसेल तर फॉर्म मोठ्या शाखेकडे जातो. तिथं पाठपुरावा स्वतःच करावा लागतो. सहा महिन्यांत शेअरचा पुरावा, गुंतवणूक इथल्या कंपनीच्या नावे असेल तर दरवर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए (परदेशी देणी-मालमत्तेचं) विवरण, दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल आणि आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचा तक्ता. भांडवल चारचौघांसारखं क्रेडिट कार्डानं किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाकडून भरून टाकलं की हे सगळं सुरुवातीलाच बिघडतं, आणि नंतर विलंब शुल्क भरून निस्तरत बसावं लागतं.

मग घ्यावं कुणी? युरोपातल्या ग्राहकांना महिन्याच्या वर्गणीवर सॉफ्टवेअर विकणारे, ज्यांना तिथला पेमेंट गेटवे आणि युरोपियन कंपनीच्या नावाचं बिल हवं आहे, त्यांनी जरूर. वर्षाला दीड-दोन हजार युरो खर्च सोसेल एवढा धंदा मात्र आधीपासून हवा.

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक भागातल्या फाउंड्रीवाल्यांनी आणि हायड्रॉलिकवाल्यांनी या भानगडीत पडू नये. पंपाची कास्टिंग हॅम्बुर्गला उतरली तर आयात व्हॅट जर्मनीत लागतो, एस्टोनियात नाही. त्यासाठी ईओआरआय (युरोपातल्या कस्टम्सचा) क्रमांक आणि तिथल्या व्हॅटची सोय ही वेगळी जुळवाजुळव करावी लागते. इथलाच आयईसी (आयात-निर्यातीचा) कोड, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) आणि बँकेतलं ईईएफसी (परकीय चलनाचं) खातं एवढ्यावर युरोत बिल करता येतं. ग्राहकाला युरोपात स्टॉक हवा असेल तर त्याच्याच देशातलं भाड्याचं गोदाम बघावं.

कार्डाची मुदत पाच वर्षं. पुढे अर्ज नव्यानं, फी नव्यानं, कार्ड घ्यायला जाणंही नव्यानं. मध्येच धंदा नको झाला तर कंपनी तशीच सोडून देऊ नका. रीतसर लिक्विडेशनला काही महिने लागतात, आणि गुंतवणूक मोडून आलेले पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत बँकेमार्फत कळवावे लागतात. तोवर यूआयएन चालूच राहतो आणि ३१ डिसेंबरचा अहवालही.